प्रोग्रामरांच्या मंडळाचा पत्रव्यवहार कसा लावावा

इलिनॉय विद्यापीठातील एनसीएसए या संस्थेत रॉब मॅकूल यांनी लिहिलेला वेब सर्व्हर, १९९४ च्या मध्यास ते संस्था सोडून गेल्यावर, निराधार झाला, आणि तो वापरणारे ठिकठिकाणचे व्यवस्थापक आपापल्या दुरुस्त्या आपापल्यापुरत्या करून वेळ निभावून नेऊ लागले. १९९५ च्या फेब्रुवारीत त्यांपैकी आठ जणांनी या विखुरलेल्या दुरुस्त्या एका ठिकाणी गुंफण्याचा संकल्प सोडला. परंतु ही माणसे एका गावची नव्हती, एका मालकाच्या चाकरीत नव्हती, आणि एका खोलीत बसून काम करणे त्यांना शक्य नव्हते. ब्रायन बेहलनडॉर्फ यांनी कॅलिफोर्नियातील एका संगणकावर त्यांच्यासाठी मेलिंग लिस्ट उघडून दिली, आणि तिच्यावरच्या पत्रव्यवहारातून तो अपॅची सर्व्हर जन्मास आला, जो थोड्याच काळात जगातील सर्वांत अधिक वापरला जाणारा वेब सर्व्हर ठरला. त्या मंडळाचा एक शिरस्ता आजतागायत चालू आहे: जी गोष्ट यादीवर घडली नाही, ती घडलीच नाही असे समजावे. दोन सभासद एखाद्या परिषदेत भेटले, तासभर बोलले, त्यांचे पूर्ण एकमत झाले, तरी तो सारा मजकूर यादीवर लिहून बाकीच्यांच्या हरकती मागविल्याखेरीज त्या एकमतास काही किंमत नाही.

प्रोग्रामरांचे एखादे मंडळ ज्यांना उभारावयाचे आहे, किंवा उभारलेले मंडळ वाढून आता हाताबाहेर जाऊ पाहत आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी या शिरस्त्याचा अर्थ प्रथम नीट ध्यानी घ्यावा. मेलिंग लिस्ट ही गप्पांची जागा आहे या समजुतीने तिची व्यवस्था लावावयास गेले की सगळे चुकत जाते; ती मंडळाचे दफ्तर आहे, आणि ज्या पत्राला आज दहा जण उत्तर देतात तेच पत्र सात वर्षांनी, या दहांपैकी एकही जण मंडळात उरलेला नसताना, एखादा अनोळखी तरुण शोधून काढून वाचणार आहे, या जाणिवेने तिची मांडणी झाली पाहिजे. पुढे जे सांगावयाचे आहे ते सर्व या एका गोष्टीच्या पोटात येते.

पहिला प्रश्न याद्या किती असाव्यात हा. नवे मंडळ सुरू करणाऱ्या उत्साही मंडळींना पहिल्याच आठवड्यात आठ-दहा याद्या उघडण्याचा मोह होतो: एक डेटाबेसविषयी, एक पडद्यावरच्या मांडणीविषयी, एक चाचण्यांविषयी, एक अवांतर. अशा याद्यांपैकी बहुतेक महिन्याभरात ओस पडतात, आणि ओस पडलेली यादी ही नसलेल्या यादीपेक्षा वाईट. कारण तिच्यावर कोणी नवखा माणूस विश्वासाने प्रश्न टाकतो, आठवडाभर उत्तराची वाट पाहतो, आणि या मंडळात कोणी जिवंत नाही असे समजून निघून जातो. म्हणून आरंभी यादी एकच असावी. तिच्यावर गर्दी झालेली पुरवेल. गर्दी दिसते, तिचा बंदोबस्त करता येतो. परंतु सुनसान यादीवरून परत गेलेला माणूस कोणाच्याच नजरेस येत नाही.

ही एक यादी केव्हा तोडावी? सभासदांचा एक वर्ग दुसऱ्या वर्गाची पत्रे न वाचताच पुसून टाकू लागला, म्हणजे ती वेळ आली. आणि तोडावयाची झाली तर विषयानुसार तोडू नये, वाचणाऱ्याच्या जबाबदारीनुसार तोडावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. विषयांच्या सीमा दर सहा महिन्यांनी सरकतात, एका पत्रात तीन विषय येतात, आणि अमुक पत्र कोणत्या यादीवर टाकावे याचा वाद मूळ पत्राहून लांबतो. वाचणाऱ्याकडून काय अपेक्षित आहे हे मात्र सहसा बदलत नाही. अपॅचीच्या प्रकल्पांत जी वाटणी रूढ आहे ती याच तत्त्वावर उभी आहे: वापरणाऱ्यांच्या यादीवर आलेल्या पत्राला कोणीतरी मदत करावी ही अपेक्षा, विकासकांच्या यादीवर आलेल्या तजविजीवर मत द्यावे ही अपेक्षा, कोडमध्ये झालेल्या प्रत्येक बदलाची नोंद जिच्यावर आपोआप येऊन पडते, त्या यादीवरील पत्र ज्याला तपासणी करावयाची आहे त्याने तपासावे, इतरांनी सोडून द्यावे, आणि घोषणांच्या यादीवर वाचकाने काहीच करावयाचे नाही, नवी आवृत्ती आली एवढे जाणून घ्यावयाचे. या शेवटच्या यादीवर पत्र पाठविण्याची मुभा दोघा-तिघांपलीकडे कोणालाही असू नये. वर्षाकाठी तिच्यावर दहा पत्रे आली तरी चालतील. तिच्यावर कधी निरर्थक पत्र आले नाही एवढ्याच विश्वासावर हजारो माणसे तिचे सभासद राहतात, आणि सुरक्षेची तातडीची ताकीद द्यावयाची वेळ येते तेव्हा हीच माणसे पोहोचण्याजोगी असतात. डेबियन या लिनक्सवर आधारलेल्या कार्यप्रणालीच्या मंडळाने सुरक्षेच्या घोषणांसाठी निराळी यादी ठेवली आहे ती याच विचाराने.

पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेच्या मंडळाने या तत्त्वाला आणखी दोन बारकावे जोडले, ते आपणही घ्यावेत असे आहेत. शिकाऊ माणसांसाठी त्यांनी ट्यूटर नावाची वेगळी यादी ठेवली, जिच्यावर उत्तर देणाऱ्याने गृहीतच धरलेले असते की हा प्रश्न पूर्वी शंभरदा विचारला गेला आहे आणि आपण तो एकशे एकाव्यांदा शांतपणे सोडवावयाचा आहे. अनुभवी विकासकांच्या यादीवर हाच प्रश्न आला असता तर विचारणाऱ्याचा पाणउतारा झाला असता, आणि त्यात दोष स्वभावाचा कमी, जागेचा अधिक असता. दुसरा बारकावा म्हणजे अर्ध्याकच्च्या कल्पनांची यादी. भाषेत अमुक सोय असावी असे ज्याला वाटते त्याने ते प्रथम त्या यादीवर मांडावे, तिथे ती कल्पना चाळणीतून गेली की मगच विकासकांच्या यादीचे दार ठोठावावे, असा तिथला शिरस्ता होता. कल्पना मांडणाऱ्याचा उत्साह मारावयाचा नाही आणि काम करणाऱ्याचा दिवस मोडावयाचा नाही, ही दोन्ही उद्दिष्टे एकाच उपायाने साधण्याची अशी उदाहरणे थोडी सापडतात.

गुप्त यादी ठेवावी की नाही, यावर तात्त्विक वाद पुष्कळ आहेत. माझ्या मते दोन कारणांसाठी ती अवश्य असावी, तिसऱ्या कारणासाठी कधीही असू नये. पहिले कारण व्यक्तींविषयीची चर्चा: कोणाला सभासदत्वाचे अधिकार द्यावेत, कोणाच्या वर्तनाची तक्रार आली आहे, या गोष्टी चव्हाट्यावर आणणे अन्यायाचे होय. दुसरे कारण सुरक्षेतील छिद्रे, जी बुजविण्यापूर्वी जाहीर झाली तर वापरणाऱ्यांचे नुकसान होते. लिनक्स कर्नेलच्या मंडळात अशा सूचनेसाठी स्वतंत्र पत्ता आहे, आणि दुरुस्ती तयार झाल्यानंतर ती फार दिवस झाकून ठेवू नये, साधारणतः सात दिवसांच्या मुदतीत उघड करावी, असा तिथला दंडक आहे. या दोहोंपलीकडे एखादा तांत्रिक निर्णय गुप्त यादीवर होऊ लागलेला दिसला, तर जो प्रथम पाहील त्याने तो धागा तिथेच तोडून जाहीर यादीवर न्यावा. दफ्तराचा एक भाग मूठभरांच्या कुलपात गेला की बाकीच्या दफ्तरावरचा विश्वास उडावयास वेळ लागत नाही.

आता यादी कोठे ठेवावी. पॅरिसमध्ये एरिक थॉमस यांनी १९८६ साली लिहिलेला लिस्टसर्व्ह, १९९२ चा ब्रेंट चॅपमन यांचा मेजरडोमो, आणि पुढे पायथॉनमध्ये लिहिला गेलेला मेलमन, अशी ही साधने एकामागून एक येत गेली. नव्या मंडळाने मेलमनची तिसरी पिढी घ्यावी की दुसरे काही, हा प्रश्न मी गौण समजतो. पत्ता आपल्या मालकीच्या डोमेनवर असणे ही गोष्ट मात्र गौण नव्हे. याहू ग्रुप्सवर असंख्य मंडळांचा वर्षानुवर्षांचा पत्रव्यवहार साठला होता. २०१९ च्या ऑक्टोबरात तो पुसून टाकण्याची घोषणा झाली, आणि २०२० च्या डिसेंबरात ती सेवाच बंद झाली. ज्यांनी वेळेवर धावपळ केली त्यांचे काही वाचले. ज्या मंडळांचे व्यवस्थापक तोवर पांगले होते त्यांचे सर्व गेले. फुकट मिळालेली जागा वापरण्यास प्रत्यवाय नाही, परंतु सर्व पत्रांची एक प्रत, साध्या मजकुराच्या स्वरूपात, दर महिन्यास आपल्या ताब्यात येऊन पडेल अशी तजवीज पहिल्या दिवशीच करून ठेवावी.

यानंतर जो भाग येतो तो रुक्ष आहे, पण याच भागात मंडळे नकळत बुडतात, म्हणून तो सविस्तर सांगतो. यादीचा सर्व्हर सभासदाचे पत्र घेतो आणि ते शेकडो जणांना पुन्हा रवाना करतो. पत्रावर ‘प्रेषक’ म्हणून नाव मात्र मूळ सभासदाचेच राहते. पाहणाऱ्याला हे खोटे नाव लावून पत्र पाठविणाऱ्या भामट्याच्या कृत्याहून निराळे दिसत नाही. २०१४ च्या एप्रिलमध्ये याहूने असे जाहीर केले की, आमच्या पत्त्यावरून आल्याचे सांगणारे पण आमच्या सर्व्हरवरून न आलेले, आणि शिवाय ज्यावरची आमची डिजिटल स्वाक्षरीही जुळत नाही असे पत्र सर्वांनी नाकारावे. आता बहुतेक याद्यांचा परिपाठ असा होता की, विषयाच्या ओळीत चौकटी कंसात यादीचे नाव घालावयाचे आणि पत्राच्या तळाशी दोन ओळींची पुरवणी जोडावयाची. एवढ्याने स्वाक्षरी मोडली. मग झाले असे की, याहूच्या पत्त्यावरून एका सभासदाने पत्र टाकले. जीमेल आणि इतर सेवांनी याहूचा हुकूम पाळून ते नाकारले. नाकारलेली पत्रे यादीच्या सर्व्हरकडे परत आली. सर्व्हरने समजूत करून घेतली की जीमेलवरचे हे पत्तेच बंद पडले आहेत, आणि अशी चार-पाच पत्रे परत आल्यावर त्या निरपराध सभासदांचे टपाल थांबविले. पत्र लिहिणारा सहीसलामत राहिला आणि वाचणारे बाहेर फेकले गेले. कोणालाच काही कळले नाही, कारण ज्यांना कळावयास हवे त्यांनाच पत्रे येईनाशी झाली होती.

यावर उपाय दोन आहेत. उत्तम उपाय म्हणजे पत्राला हातच लावू नये: विषयाच्या ओळीत भर नको, तळाची पुरवणी नको. यादीचे नाव आणि सभासदत्व सोडण्याचा मार्ग, या दोन्ही गोष्टी पत्राच्या अदृश्य शीर्षभागात लिहिण्याची सोय १९९८ आणि २००१ च्या मानकांनी करून ठेवलेली आहे, आणि तिच्या आधारे प्रत्येक सभासदाला आपल्या टपालाची वर्गवारी आपोआप करता येते. मोह आवरतच नसेल तर दुसरा उपाय, जो मेलमनमध्ये उपलब्ध आहे: प्रेषकाच्या जागी यादीचा पत्ता घालून मूळ लेखकाचे नाव शेजारी राखावे. यांपैकी कोणताही मार्ग पत्करा, पण परत आलेल्या पत्रांचा अहवाल आठवड्यातून एकदा डोळ्यांखालून घालणारा माणूस नेमून ठेवा. २०२४ च्या फेब्रुवारीपासून जीमेल आणि याहू यांनी मोठ्या प्रमाणावर टपाल धाडणाऱ्यांवर अटी आणखी कडक केल्या आहेत, आणि हे काम आता वाढतच जाणार आहे.

उत्तराचे बटण दाबल्यावर उत्तर कोणाकडे जावे, यादीकडे की लिहिणाऱ्याकडे, हा तंटा या क्षेत्रात फार जुना. मी दुसऱ्या पक्षाचा आहे आणि माझे कारण एकच. जाहीर करावयाचे उत्तर चुकून खाजगी गेले, तर ते पुन्हा पाठविता येते; खाजगी ठेवावयाचे उत्तर चुकून जाहीर झाले, तर ते परत बोलावता येत नाही, आणि दफ्तरात त्याची नोंद कायमची राहते. आपल्या नोकरीतल्या अडचणीविषयी, सहकाऱ्याच्या आजाराविषयी लिहिलेल्या दोन ओळी शेकडो अनोळखी माणसांपुढे गेलेल्या ज्याने पाहिल्या आहेत, त्याला याहून अधिक युक्तिवाद लागू नये.

पत्र कसे लिहावे याचे नियम पुष्कळ ठिकाणी सापडतात, परंतु नियमांपेक्षा एक पत्र जवळून पाहिलेले बरे. समजा, आपल्या मंडळाने पीडीएफ तयार करणारी एक लायब्ररी लिहिली आहे, आणि कोणा सभासदाला असे दिसले की ‘दऱ्या’ हा शब्द छापताना त्यातला अर्धा ‘ऱ’ तुटून वेगळा उमटतो. या पत्राची विषयओळ ‘मराठीत अडचण, तातडीने मदत हवी’ अशी आली, तर तिच्यावरून कोणालाच काही समजणार नाही, आणि तीन वर्षांनी हाच दोष शोधणाऱ्याला ती सापडणारही नाही. तीच ओळ ‘पीडीएफमध्ये ऱ आणि य यांचे जोडाक्षर तुटते, आवृत्ती २.३’ अशी आली, तर ज्याला त्या भागाचे ज्ञान आहे तो थांबून वाचतो. मजकुरात प्रथम काय केले ते, मग काय व्हावयास हवे होते ते, मग प्रत्यक्ष काय झाले ते. कोणता फॉन्ट, कोणती कार्यप्रणाली. आणि दोष घडवून आणणारे, शक्य तितके लहान असे कोडचे उदाहरण, पाच-दहा ओळींचे. पडद्याचे छायाचित्र सोबत जोडण्यास हरकत नाही, पण अक्षरांचे युनिकोड क्रमांक मजकुरात लिहिलेच पाहिजेत, कारण हा ‘ऱ’ शून्य-नऊ-तीन-एक या क्रमांकाचा आहे की साध्या ‘र’ ला अदृश्य जोडचिन्ह लावून घडविलेला आहे, हे चित्रातून कळत नाही, आणि दोषाचे मूळ नेमके तिथेच असण्याचा संभव असतो. असे पत्र लिहावयास अर्धा तास लागतो. त्या अर्ध्या तासात लिहिणाऱ्यालाच कारण सापडून पत्र पाठविण्याची गरज उरत नाही, असेही पुष्कळदा घडते.

पत्र साध्या मजकुराचे असावे हा आग्रह नव्या माणसांना जुनाट वाटतो. परंतु रंगीत, नटवलेल्या पत्रात कोडच्या ओळींतील मोकळ्या जागा बदलतात, लांब ओळी मध्येच तुटतात, आणि पायथॉनसारख्या भाषेत जिथे ओळीच्या डावीकडची मोकळी जागा हाच अर्थ आहे, तिथे कोड वाचता येते पण चालत नाही. कर्नेलच्या याद्या एचटीएमएल पत्रे स्वीकारीतच नाहीत. मराठीत लिहिणाऱ्यांनी यूटीएफ-८ युनिकोडच वापरावे हे आज सांगण्याची गरज बहुधा नाही. तथापि डीटीपीच्या जुन्या फॉन्टांत टंकलेला मजकूर जसाच्या तसा चिकटवण्याची सवय अजून पुरती गेलेली नाही, आणि तो मजकूर वाचणाऱ्याकडे निरर्थक रोमन अक्षरांच्या रूपाने पोहोचतो. उत्तर देताना मूळ पत्रातील ज्या वाक्याला उत्तर द्यावयाचे ते तेवढेच ठेवून त्याखाली लिहावे, बाकीचे छाटावे. आणि नवा विषय काढावयाचा असेल तर जुन्या पत्राला ‘उत्तर’ दाबून वरची ओळ बदलू नये. पत्राच्या शीर्षभागात जुन्या पत्राचा दाखला तसाच राहतो, आणि आपला नवा प्रश्न भलत्याच चर्चेच्या पोटात गडप होतो.

निर्णय कसे घ्यावेत, हा या सर्व व्यवस्थेचा गाभा. इंटरनेटची मानके ठरविणाऱ्या आयईटीएफमध्ये सभा भरतात, पण सभेत जे ठरल्यासारखे वाटले ते यादीवर पक्के झाल्याशिवाय धरले जात नाही, कारण सभेला येण्याचे सामर्थ्य सर्वांपाशी नसते. अपॅचीमध्ये मतदानास किमान बहात्तर तासांची मुदत ठेवण्याचा परिपाठ आहे. ही मुदत कोणी लहरीने ठरविलेली नाही: पृथ्वीच्या निरनिराळ्या भागांत दिवस निरनिराळ्या वेळी उगवतो, आणि स्वेच्छेने काम करणारा माणूस दिवसभर नोकरी करून रात्री किंवा सुटीच्या दिवशीच पत्रे पाहतो. मुदतीत हरकत आली नाही तर संमती आहे असे समजून पुढे जावे. आणि कोडमधील बदलास ज्याने नकार दिला त्याने नकाराचे तांत्रिक कारण लिहिलेच पाहिजे, कारण नसलेला नकार रद्दबातल. या दोन नियमांनी बोलभांड आणि मुखदुर्बळ माणसांतील अंतर बरेच कमी होते.

तरीही वाद पेटतात, आणि ते बहुधा क्षुल्लक गोष्टींवर पेटतात. १९५७ साली पार्किन्सन यांनी आपल्या पुस्तकात एका समितीचे वर्णन केले होते, जी अणुभट्टीचा खर्च अडीच मिनिटांत मंजूर करते आणि सायकली ठेवण्याच्या छपरीवर पाऊण तास घालविते, कारण छपरी सर्वांना समजते. १९९९ मध्ये फ्रीबीएसडी या कार्यप्रणालीच्या यादीवर एका अगदी लहानशा बदलावरून चर्चेचा असाच डोंगर झाला, तेव्हा पॉल-हेनिंग काम्प यांनी त्याच छपरीची आठवण करून देणारे पत्र लिहिले, आणि तेव्हापासून प्रोग्रामरांच्या जगात ही छपरी सर्वतोमुखी झाली. पायथॉनच्या मंडळाला याहून मोठी किंमत मोजावी लागली. २०१८ साली वाक्याच्या पोटातच नावाला मूल्य देणारे नवे चिन्ह भाषेत आणण्याची तजवीज, जिचा क्रमांक पाचशे बहात्तर, महिनोन्‌महिने याद्यांवर वादात सापडली. अखेर ती मान्य झाली, पण भाषेचे जनक खिदो व्हान रॉसम यांनी त्या जुलैत पत्र लिहून निर्णयाचे सर्वाधिकार सोडले, आणि पुढे पाच जणांचे निवडून आलेले मंडळ कारभार पाहू लागले. तजवीज चांगली होती की वाईट हा प्रश्न बाजूला ठेवला, तरी एका माणसाने किती पत्रांना तोंड देत राहावे यालाही मर्यादा असते, ही गोष्ट कोणत्याही व्यवस्थापकाने नजरेआड करू नये.

यावर मी सुचवितो तो उपाय साधा आहे. चर्चा तीसेक पत्रांपलीकडे गेली की व्यवस्थापकाने ती तहकूब करावी, आणि वादात नसलेल्या एका सभासदाकडे सारांश लिहिण्याचे काम सोपवावे. सारांशात दोन्ही पक्षांचे म्हणणे असे मांडलेले असावे की, ज्या त्या पक्षाने ते वाचून ‘होय, आम्हांस हेच म्हणावयाचे होते’ असे म्हणावे; तसे ते म्हणेपर्यंत चर्चा पुन्हा उघडू नये. पायथॉनमध्ये २००० सालापासून मोठ्या बदलाची प्रत्येक तजवीज लेखी मसुद्याच्या रूपाने मांडावी लागते, आणि तीत नाकारलेले पर्याय व नाकारण्याची कारणे नमूद करावी लागतात, ही पद्धत उचलण्याजोगी आहे. मंडळ मोठे असेल तर सारांशाचे काम नियतकालिकासारखे नियमाने चालू ठेवावे. कर्नेलच्या याद्यांवर रोज येणारा पत्रांचा ढीग कोणीही पुरता वाचू शकत नाही, आणि १९९८ पासून एलडब्ल्यूएन हे साप्ताहिक त्यातील महत्त्वाच्या चर्चांचा वृत्तांत देत आले नसते, तर त्या मंडळातील अर्ध्याअधिक माणसांना उरलेल्यांचे काय चालले आहे याचा पत्ता लागला नसता, असे मला प्रामाणिकपणे वाटते. सारांश लिहिणाऱ्याला मंडळात कोड लिहिणाऱ्याच्या बरोबरीचा मान मिळाला पाहिजे. तो सहसा मिळत नाही, याचा मला खेद वाटतो.

शिस्तीविषयी थोडेच सांगतो. नव्या सभासदाचे पहिले पत्र तपासून सोडावे, पुढची आपोआप जाऊ द्यावीत. एवढ्याने जाहिरातींचा बहुतेक उपद्रव थांबतो. तपासणारे निदान दोघे असावेत, आणि शक्य तर निरनिराळ्या देशांतले, म्हणजे पुण्यातून रात्री पाठविलेले पहिले पत्र सकाळपर्यंत अडकून पडणार नाही. कोणाचे लेखन बोचरे झाले तर प्रथम त्याला खाजगीत लिहावे. जाहीर कानउघाडणीने माणूस सुधारत नाही, बचाव करू लागतो. परंतु वर्तनाचे लेखी नियम असलेच पाहिजेत. डेबियनने २०१४ साली सभासदांच्या मतदानाने ते स्वीकारले, आणि कर्नेलच्या मंडळात २०१८ च्या सप्टेंबरात खुद्द लिनस टॉरवाल्ड्स यांनी आपल्या पत्रांतील कठोर भाषेबद्दल यादीवरच क्षमा मागितली आणि त्याच सुमारास तिथेही नवे नियम लागू झाले. कर्तबगार माणसाला उर्मट बोलण्याची मुभा असते, हा समज तोवर कित्येक वर्षे चालत आला होता, आणि त्यामुळे जी माणसे पहिल्या पत्रानंतर दुसरे पत्र न लिहिताच निघून गेली त्यांची नोंद कोणत्याही दफ्तरात नाही. आपल्याकडील मंडळांत याला भाषेची एक बाजू आहे. इंग्रजीत अडखळणाऱ्या विद्यार्थ्याने मराठीत प्रश्न विचारला, तर मदतीच्या यादीवर त्याला मराठीतच उत्तर मिळावे. ज्या निर्णयाशी परप्रांतातील वा परदेशातील सभासदांचा संबंध येतो त्याचा सारांश मात्र इंग्रजीतही लिहिला जावा. व्याकरणाची चूक काढणारे उत्तर मंडळात कधीही खपवून घेऊ नये.

अखेरीस दफ्तराची राखण. प्रत्येक पत्राला स्वतःची, कधी न बदलणारी ओळख असते, आणि संग्रहातील पत्ता त्या ओळखीवर बेतलेला असावा. लोर नावाने कर्नेलचा जो जाहीर संग्रह आहे तो तसाच बेतलेला आहे. याचा उपयोग कसा होतो तो पहा. एखाद्या सभासदाला कोडमध्ये एक विचित्र ओळ दिसते: संख्या तपासण्यापूर्वी ती मुद्दाम एकने कमी केलेली आहे, आणि ती ओळ काढली तरी सर्व चाचण्या उत्तीर्ण होतात. तो गिट या, कोडच्या बदलांचा इतिहास राखणाऱ्या साधनाला विचारतो, ही ओळ कोणी, केव्हा घातली. गिट त्या बदलाचे टिपण दाखविते. टिपणाच्या शेवटी चर्चेतील पत्राचा दुवा दिलेला असतो. आणि दुव्यामागच्या पत्रात लिहिलेले असते की, अमुक एका जुन्या यंत्रावर शेवटचा घटक दोनदा मोजला जातो, म्हणून ही काळजी. ओळ जागीच राहते, आणि ते यंत्र वापरणाऱ्या कोणा अपरिचिताचे काम बिघडत नाही. कर्नेलमध्ये असा दुवा टिपणात लिहिण्याची रीत चांगली रूढ आहे. आपल्या मंडळातही दुवा नसलेला मोठा बदल स्वीकारू नये.

पुढे केव्हातरी मंडळ यादी सोडून दुसऱ्या साधनाकडे जाईल. पायथॉनच्या विकासकांनी २०२२ साली तसे केले. तेव्हा नव्या जागेचे कौतुक चालू असताना जुना संग्रह त्याच पत्त्यांवर, आहे तसा, वाचण्यासाठी उघडा ठेवावा, म्हणजे टिपणांतील जुने दुवे मुके होणार नाहीत. कोणी आपला दूरध्वनी क्रमांक किंवा घरचा पत्ता चुकून लिहिला असेल आणि तो काढण्याची विनंती केली, तर तेवढाच मजकूर झाकावा आणि झाकल्याची खूण ठेवावी, पत्र पुसू नये. डोमेनच्या नूतनीकरणाची तारीख, सर्व्हरच्या किल्ल्या आणि संग्रहाची मासिक प्रत या तिन्ही गोष्टी निदान तिघांच्या हाती असाव्यात, त्यांतले दोघे तरी एका कंपनीत नोकरीस नसावेत. आणि या तिघांपैकी कोणी मंडळ सोडले, तर त्याच आठवड्यात चौथ्याचे नाव घोषणांच्या यादीवर जाहीर करावे.